पाचवर थांबलेला आकडा

नवरात्रातली सातवी माळ होती. २१ ऑक्टोबर २०२३, शनिवार. घटाला माळ घालून मी भगरीसाठी आधण ठेवलं होतं आणि बाहेरच्या खोलीत पुतण्याने टीव्ही मोठ्याने लावला होता. श्रीहरिकोट्याहून गगनयानाची चाचणी दाखवणार होते. खरं तर ते आठला उडणार होतं. हवा बरी नाही म्हणून साडेआठ झाले, मग पावणेनऊ. शेवटी एकदाचे आकडे उलटे मोजायला सुरुवात झाली. "काकू, लवकर या!" अशी हाक आली तशी मी हातातली पळी घेऊनच धावले. आकडे आले आणि पाचवर थांबले. रॉकेट जागच्या जागी. धूर नाही की आवाज नाही.

"फेल!" पुतण्या म्हणाला. भोंडल्याचं विचारायला आलेली शेजारीण दारातूनच म्हणाली, "आपल्याकडचं असंच गं, ऐनवेळी बंद पडतं." तेवढ्यात इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ पडद्यावर आले. इंजिन ठरल्याप्रमाणे पेटलं नाही, रॉकेट सुरक्षित आहे, काय झालं ते बघून सांगतो, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. ना चेहरा पडलेला, ना सारवासारव.

सासूबाईंनी जपमाळ बाजूला ठेवून विचारलं, "आत माणसं होती का रे?"

"नाही आजी, रिकामं आहे."

"मग थांबवलं कशाला? रिकामंच तर होतं!"

मला हा प्रश्न फार आवडला. माणूस नाही, काही नाही, मग एवढं जपायचं कशाला? झालं होतं असं की, शेवटच्या सेकंदांत सगळा कारभार संगणकाच्या हातात असतो. त्याला एक खूण ठीक दिसली नाही आणि त्याने गाडी रोखली. त्याला टीव्हीवाल्यांची लाज नव्हती की मंत्र्यांची भीती नव्हती. पुढच्या सव्वा तासात शास्त्रज्ञांनी कारण शोधलं, दुरुस्त केलं आणि बरोबर दहा वाजता ते रॉकेट उडालं. माझी भगर तोवर गार झाली होती.

त्या दिवशी ते रॉकेट कुठे पोचायला उडालंच नव्हतं. ते उडालं अपघाताची रंगीत तालीम करायला! समजा, माणसं घेऊन रॉकेट चाललंय आणि वाटेत काही बिघडलं, तर आतल्या माणसांना बाहेर कसं काढायचं? म्हणून साधारण बारा किलोमीटर उंचीवर गेल्यावर "बिघडलं" असं धरून चाललं. माणसांची कुपी वरच्या छोट्या रॉकेटांनी खेचून वेगळी केली, ती सतरा किलोमीटरच्या आसपास गेली, मग एकामागून एक पॅराशूट उघडत ती किनाऱ्यापासून दहा किलोमीटरवर बंगालच्या उपसागरात उतरली. नौदलाने ती बाहेर काढली. सगळा खेळ नऊ मिनिटांचा.

रॉकेटचं चित्र पाहिलंत तर अगदी टोकाला एक बारीक मनोऱ्यासारखा भाग दिसतो. मला आधी ती शोभेची टोपी वाटायची. पण तीच जीव वाचवणारी यंत्रणा, तिला क्रू एस्केप सिस्टीम म्हणतात. खाली शेकडो टन इंधन आणि वर माणसं. त्यातही गगनयानाला वर नेणाऱ्या रॉकेटच्या दोन्ही बाजूंना घन इंधनाचे मोठे नळकांडे आहेत, ते दिवाळीतल्या बाणासारखे. एकदा वात पेटली की विझवता येत नाहीत. म्हणजे थांबायचं असेल तर पेटायच्या आधी थांबा, नाहीतर पेटल्यावर माणसांना उचलून दूर न्या. तिसरा रस्ता नाही. इस्रोने याची पहिली मोठी चाचणी ५ जुलै २०१८ रोजी घेतली होती. रॉकेट जमिनीवर उभं असतानाच काही झालं तर काय, याची. तेव्हा कुपी सुमारे पावणेतीन किलोमीटर उंच उडून समुद्राकडे गेली, २५९ सेकंदांत काम झालं. माणसांचं यान जाणार ही पंतप्रधानांची लाल किल्ल्यावरची घोषणा त्यानंतरची, १५ ऑगस्टची. म्हणजे पळायची वाट आधी आणि घोषणा नंतर. हा क्रम मला फार बरा वाटतो.

अशी टोपी खरंच कुणाच्या कामी आली का? आली. आणि ती गोष्ट आपल्या किती जवळची आहे पाहा. राकेश शर्मांचं नाव आपल्याला लहानपणापासून पाठ. ३ एप्रिल १९८४ ला ते रशियाच्या यानातून गेले. त्यांच्यासोबत दोन रशियन होते, मालिशेव आणि स्ट्रेकालोव. यातले स्ट्रेकालोव त्याच्या सहा महिने आधी, २६ सप्टेंबर १९८३ ला, व्लादिमिर टिटोव यांच्यासह बैकानूरला रॉकेटच्या टोकावर बसलेले असताना खाली आग लागली. उड्डाणाला दीड मिनिट होतं. आगीत तारा जळाल्या, त्यामुळे आपोआप होणारं काम होईना. शेवटी खालच्या माणसांनी रेडिओवरून हुकूम दिला, टोपीचं रॉकेट पेटलं आणि कुपी उपटून निघाली. काही सेकंदांत खाली सगळं फुटलं. हे दोघे चारेक किलोमीटरवर पॅराशूटने उतरले, अंग ठेचकाळलं पण जिवंत! आणि सहा महिन्यांनी तोच माणूस आपल्या राकेश शर्मांच्या शेजारी बसून पुन्हा वर गेला. शाळेत आम्हाला "सारे जहाँ से अच्छा" हे उत्तर शिकवलं, त्यांच्या शेजारी कोण बसलं होतं ते मात्र कुणी सांगितलं नाही.

२०१८ च्या ऑक्टोबरातही असंच झालं. उड्डाणानंतर दोन मिनिटांत रशियन रॉकेटचा एक भाग नीट सुटला नाही. आतले ओव्हचिनिन आणि अमेरिकेचे निक हेग कुपीसकट बाजूला फेकले गेले आणि कझाकस्तानात सुखरूप उतरले. पाचच महिन्यांनी दोघे पुन्हा गेले, आणि या वेळी सोबत क्रिस्टिना कॉक ही बाई होती.

अमेरिकेच्या स्पेस शटलला मात्र अशी टोपी नव्हती. यान भरवशाचं आहे, नेहमीचं झालंय, असं लोकांना वाटू लागलं होतं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर उडालं. त्यात क्रिस्टा मॅकॉलिफ नावाची शाळेतली बाई होती, दोन लेकरांची आई. अकरा हजारांवर शिक्षकांतून तिची निवड झाली होती. अवकाशातून मुलांना धडा शिकवणार होती. आदल्या रात्री कडाक्याची थंडी पडली. रॉकेटच्या जोडांत रबराच्या कड्या असतात, त्या थंडीत कडक होतात, १२ अंशांच्या खाली उडवू नका, असं ते रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतले रॉजर बॉइजॉली आणि त्यांचे सोबती इंजिनिअर फोनवरच्या बैठकीत सांगत होते. पण उड्डाण आधीच चार-पाचदा पुढे गेलेलं. सगळ्या देशाचं लक्ष. मग वरच्या साहेबांपैकी एकाने दुसऱ्याला सुचवलं की, आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. त्याने घातली. सकाळी उड्डाण झालं, ७३ सेकंदांनी आकाशात पांढरा धूर फाकला. सातही जण गेले. क्रिस्टाबाईंच्या शाळेतली मुलं टाळ्या वाजवायच्या तयारीने टीव्हीसमोर बसली होती.

कोलंबियाचं आठवतं ना? १ फेब्रुवारी २००३. माझं नुकतंच लग्न झालं होतं. अंबाजोगाईला बी. ए. केलेली मी मुलगी, आणि कल्पना चावलाचा पेपरातला फोटो कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला. तेव्हा सगळे म्हणाले, नशीब. मीही तेच म्हटलं. पुढे चौकशीचा अहवाल आला, त्यातल्या बातम्या वाचल्या आणि जीव जळला. उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी टाकीवरच्या फोमचा तुकडा निसटून डाव्या पंखावर आदळला होता. हे दुसऱ्याच दिवशी फिल्ममध्ये दिसलं. खालच्या इंजिनिअरांनी मागणी केली की, उपग्रहातून पंखाचे फोटो काढून घ्या. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. वरून उत्तर आलं, गरज नाही. कल्पना आणि तिचे सहा सोबती वर हसत-खेळत काम करत होते, आणि खाली ज्याला काळजी वाटत होती त्याचं कुणी ऐकत नव्हतं. फोटो काढले असते तर अटलांटिस हे दुसरं यान घाईने तयार करून त्यांना आणता आलं असतं, अवघड पण शक्य होतं, असं चौकशी मंडळाने लिहून ठेवलंय. आणि हेही, की या अपघाताला फोमइतकीच तिथली कामाची रीत जबाबदार आहे.

कामाची रीत. हा शब्द मला तेव्हापासून सोडत नाही.

ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहरात रेल्वे यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला, तिथल्या बाईने रॉकेटवर कशाला लिहावं, असं कुणाला वाटेल. पण आपला संबंध वाटतो तितका लांबचा नाही. पुणे जिल्ह्यातलं वालचंदनगर हे साखर कारखान्याभोवती वसलेलं गाव. तिथे साखर कारखान्यांची यंत्रं बनतात आणि इस्रोच्या रॉकेटची पोलादी कवचंही कित्येक वर्षं बनत आली आहेत. गगनयानासाठीच्या त्या मोठ्या नळकांड्यांचा पहिला भाग मुंबईत पवईला तयार होऊन २०२० मध्ये इस्रोकडे गेला. साखरेचा तो मुलूख आपल्या बीडच्या माणसांना चांगला पाठ आहे. दसरा-दिवाळी आली की आपल्या वाड्या-तांड्यांवरून लाखो माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तिकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि एक दिवस काम चुकलं की खाडा, म्हणजे उलट आपणच दंड भरायचा. खाडा पडू नये म्हणून तरण्या बायकांनी पिशवी काढून टाकल्याच्या बातम्या २०१९ मध्ये देशभर गाजल्या, विधिमंडळात गाजल्या, समिती बसली. थांबण्याला जिथे दंड असतो तिथे माणूस काय-काय करतं!

मी बचत गटाचं काम करते. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. गटातली एक बाई संध्याकाळी माझ्याकडे आली. रात्री त्यांची टोळी निघणार होती. म्हणाली, "ताई, मागच्या ट्रॉलीची पिन लई झिजलीया, तारेनं बांधून ठिवलीया. म्या म्हनलं मालकाला, तर म्हनला तिकडं गेल्यावर बदलू. तुमी सांगा की जरा." मी काय करावं? मी तिला समजावलं. उचल घेतलीय, टोळी खोळंबेल, मुकादम चिडेल, सगळे जातायत, तू एकटीच कशी थांबशील, जा देवाचं नाव घेऊन. मी माझी मॅनेजरची टोपी घातली होती, आता म्हणता येईल. तेव्हा मला वाटलं होतं, मी तिला धीर देतेय.

मांजरसुंब्याच्या घाटात चढावर मागची ट्रॉली सुटली. जीव कुणाचा गेला नाही, पण तिचा पाय मोडला तो कायमचा अधू झाला. त्या साली कोयता मोडला, उचल पुढच्या सालावर चढली. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा ती मला काही बोलली नाही. "चहा घ्या ताई" म्हणाली. ते अजून बोचतं.

म्हणून सांगते, ज्याला धोका दिसतो तो बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या पायरीवर असतो. रबराची कडी हाताळणारा, फिल्म बघत बसणारा, ट्रॉलीत मागे बसणारी. आणि थांबवायचा हक्क असतो वरच्याकडे, ज्याला तारीख दिसते, खर्च दिसतो, चारचौघांतली नामुष्की दिसते. टोपी, पॅराशूट, संगणक, हे सगळं पाहिजेच. पण खालच्याचं ऐकायची सोय नसेल तर टोपीसुद्धा वेळेवर पेटणार नाही.

सुनीता विल्यम्सच्या वेळी हे शहाणपण थोडं तरी आलेलं दिसलं. ६ मे २०२४ ला ती स्टारलायनर यानात बसून पट्टे बांधून तयार होती. उड्डाणाला दोन तास असताना रॉकेटची एक झडप ठीक वाटेना म्हणून तिला खाली उतरवलं. १ जूनला पुन्हा बसवलं, चार मिनिटंही उरली नव्हती तेव्हा जमिनीवरच्या संगणकाने थांबवलं. ५ जूनला गेली. पण जाताना हेलियम गळायला लागला, स्थानकाजवळ पोचताना २८ पैकी पाच छोटी इंजिनं बंद पडली. आठ दिवसांसाठी गेलेली बाई, तिला त्या यानातून परत आणायचं की नाही यावर दोन-अडीच महिने खल झाला आणि २४ ऑगस्टला नासाने सांगितलं, यान रिकामं येईल, माणसं नंतर दुसऱ्या यानातून येतील. सप्टेंबरात यान रिकामं आलं, आणि व्यवस्थित उतरलं!

झालं. लोक म्हणाले, बघा, काही झालं नसतं, उगाच बिचारीला अडकवलं. आमच्या गटाच्या बैठकीतही एकीने हेच म्हटलं. मला हे पटत नाही. ब्रेक नसलेली जीप एखाद्या दिवशी घाट उतरून सुखरूप आली म्हणून ब्रेक न बसवणारा शहाणा ठरत नाही. ठरवायच्या वेळी जेवढं माहीत होतं त्यावरच निर्णय बरा की वाईट ते ठरतं. सुनीता मार्च २०२५ मध्ये परतली, २८६ दिवसांनी. ते दिवस तिच्या घरच्यांना जड गेले असतील. पण कल्पनाच्या आईवडिलांना कुणी हे २८६ दिवस देऊ केले असते, तर?

आपला शुभांशू शुक्लाही असाच ताटकळला. मे २०२५ च्या अखेरीस जायचा तो २५ जूनला गेला. मध्ये कधी हवा, कधी स्थानकातली गळती, आणि ११ जूनचं उड्डाण रद्द झालं ते रॉकेटमधून ऑक्सिजन गळत होता म्हणून. तेव्हा इस्रोचे प्रमुख व्ही. नारायणन आपल्या माणसांसह तिथेच होते. नीट दुरुस्त झाल्याशिवाय आमचा माणूस जाणार नाही, या म्हणण्यावर ते अडून बसले. दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या रॉकेटपुढे उभं राहून थांबा म्हणायला छाती लागते. पेपरांत मात्र "पुन्हा मुहूर्त हुकला" असे मथळे आले.

हा मुहूर्त शब्द मला खटकतो. मांडवाचा खांब हलतोय, वादळ आलंय, पण मुहूर्त टळेल म्हणून माणसं तिथंच उभी, हे आपण लग्नांत बघतोच. गगनयान २०२२ पर्यंत, स्वातंत्र्याच्या पंच्याहत्तरीला, जाणार असं आधी सांगितलं होतं. ते साल कधीच मागे पडलं. २०२५ मध्ये इस्रोने २०२७ सांगितलं. २०२७ ला नाही गेलं तरी माझी तक्रार नाही. माझं मागणं उलटंच आहे. कोणत्याही सणाला, वर्धापनदिनाला, निवडणुकीला ते बांधू नका. आणि थांबलं की "फुसका बार" म्हणू नका, कारण आपण हसलो की पुढच्या वेळी थांबवणाऱ्याचा हात अडखळतो.

जाता जाता एक चिमटाही काढते. पहिल्या रिकाम्या उड्डाणात व्योममित्रा नावाचा बाईच्या रूपातला यंत्रमानव बसवायचं ठरलंय. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या चार गगनयात्रींत एकही बाई नाही! हवाई दलाच्या चाचणी वैमानिकांतून निवड होती आणि त्यांत तेव्हा बायका नव्हत्या, हे मान्य. पण धोका बघायला आधी बाई आणि मग मिरवायला पुरुष, हे कुठंतरी ओळखीचं वाटलं, इतकंच.

ती पाय अधू झालेली बाई आता ऊसतोडीला जात नाही. तिची सून जाते. गेल्या नवरात्रानंतर त्यांची टोळी निघायची होती, मी मुद्दाम गेले होते. माणसं, कोंबड्या, पत्र्याच्या पेट्या, सगळं चढलेलं. म्हातारी लंगडत, हातात बॅटरी घेऊन दोन्ही ट्रॉल्यांच्या पिना बघत फिरत होती. एका जागी वाकली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "ही बदलल्याबिगर माझी सून चढायची न्हाई." ड्रायव्हर कुरकुरला. मुकादमाने माझ्याकडे बघितलं. या वेळी मी म्हटलं, "बरोबर आहे तिचं." वेल्डिंगवाल्याला घरून उठवून आणायला लागलं. नऊला निघायचा ट्रॅक्टर सव्वादहाला निघाला.